नारळ कोणाच्या हाती?

गोंदियाची ओळख सांगताना बहुतेकांची गाडी धानाच्या गिरण्या, बिडीचा धंदा आणि हावडा-मुंबई मार्गावरचे जंक्शन एवढ्यावर थांबते. फुटबॉल त्या यादीत कुणी घालत नाही. तरीही भारतीय फुटबॉलच्या सर्वोच्च खुर्चीवर साडेतेरा वर्षे बसलेला माणूस गोंदियाचाच. प्रफुल्ल पटेल 1985 मध्ये गोंदिया नगर परिषदेचे अध्यक्ष झाले, 1991 मध्ये भंडारा मतदारसंघातून लोकसभेत गेले. 2008 च्या अखेरीस तेव्हाचे अध्यक्ष प्रियरंजन दासमुन्शी गंभीर आजारी पडले आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची सूत्रे पटेलांकडे आली. दासमुन्शींनी स्वतः वीस वर्षे कारभार पाहिला होता. म्हणजे 1988 ते 2022 या काळात महासंघाला अध्यक्ष लाभले दोन.

एकट्या पटेलांच्या कारकिर्दीत राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक किती झाले? बॉब हॉटन, आर्मांदो कुलासो, साव्हियो मेदेरा, विम कोव्हरमन्स, स्टीफन कॉन्स्टंटाइन, इगोर स्टिमाच. हंगामी धरून सहा.

जुना मॅनेजर ठेवावा की त्याला नारळ द्यावा, हा वाद फुटबॉलइतकाच जुना आहे. इंग्लंडमध्ये ज्याला मॅनेजर म्हणतात त्याला आपल्याकडे कोच म्हणतात, पण सामना हरल्यावर नजर वळते ती त्याच्याचकडे. एका बाजूचे लोक अॅलेक्स फर्ग्युसनचे उदाहरण देतात. 1986 ते 2013 अशी सत्तावीस वर्षे ते मँचेस्टर युनायटेडला होते, आणि ते गेल्यावर पहिल्याच हंगामात विजेता संघ सातव्या क्रमांकावर आला. दुसरी बाजू आर्सेन वेंगर पुढे करते. आर्सेनलमध्ये त्यांनी 22 वर्षे काढली, त्यातली शेवटची काही केवळ जुन्या पुण्याईवर. दोन्ही उदाहरणे खरी आहेत आणि म्हणूनच त्यांनी काही ठरत नाही.

नेदरलँड्समधले अर्थतज्ज्ञ बास तेर वील यांनी जरा वेगळा रस्ता धरला. तिथल्या अव्वल लीगमधले 1986 ते 2004 या काळातले निकाल त्यांनी तपासले. कोच काढला की निकाल सुधारतात, हे खरेच निघाले. पण तितकीच वाईट अवस्था असताना ज्या क्लबांनी कोचला हात लावला नाही, तेही जवळजवळ तसेच सावरले होते. ताप उतरायच्या दिवशी जो वैद्य आला त्याला यश मिळावे, त्यातलाच हा प्रकार.

महाराष्ट्रात या वादाचा एक नमुना घडून गेला आहे. 2007 मध्ये स्थापन झालेल्या मुंबई एफसीची सूत्रे 2009 पासून खालिद जमील यांच्याकडे होती. खालिद मूळचे खेळाडू. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया आणि खुद्द मुंबई एफसीकडून खेळलेले. क्लबकडे कोलकात्याच्या क्लबांसारखा जनाधार नव्हता आणि पैसाही बेताचाच. कूपरेजच्या छोट्या मैदानावर पिवळ्या जर्सीतला हा संघ देखणे फुटबॉल खेळायचा असे त्याचे चाहतेही म्हणणार नाहीत. आधी गोल खायचा नाही, मग जमले तर करायचा, हा खालिद यांचा खाक्या. विजेतेपद कधी आले नाही, पण त्यांच्या सात वर्षांत संघ आय-लीग या देशाच्या तेव्हाच्या अव्वल लीगमधून खालीही घसरला नाही.

2016 मध्ये क्लबने त्यांना निरोप दिला. नवा चेहरा, नवा खेळ, ही इच्छा समजण्यासारखीच होती. सात वर्षे तळाशी-मध्यात घुटमळणाऱ्या संघाच्या मालकाला ती होणारच. संतोष कश्यप आले आणि हंगाम संपायच्या आत त्यांच्याही जागी स्पेनचे ऑस्कर ब्रुझोन आले.

खालिद गेले मिझोरमला, ऐझॉल एफसीकडे. हा क्लब आदल्या हंगामात खाली घसरला होता आणि गोव्याच्या क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतल्यामुळे त्याला परत घेतले गेले होते. बजेट लहान, नावाजलेले खेळाडू मोजकेच. एप्रिल 2017 मध्ये याच संघाने मोहन बागानला 1-0 हरवले, आणि 30 एप्रिलला शिलाँगमध्ये तिथल्याच लाजाँग क्लबशी 1-1 बरोबरी साधून लीग जिंकली. ऐझॉलचे 37 गुण, मोहन बागानचे 36. ईशान्येतल्या क्लबाने देशाची लीग जिंकण्याची ही पहिलीच वेळ. त्याच गुणतक्त्यात सगळ्यात खाली, दहाव्या जागी कोण होते? मुंबई एफसी. पुढे हा क्लब बंदच पडला.

यावरून खालिदना काढायलाच नको होते असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण तो पुरता खरा नाही. मुंबईत राहिले असते तर त्यांनी तिथे लीग जिंकली असती, असे छातीठोकपणे कोण सांगणार? क्लबची चूक दुसरीकडे झाली. खेळाडूंवर किती खर्च करायचा, तरुण पोरे कुठून आणायची, यातले काही बदलल्याचे मैदानावर दिसले नाही. कोच मात्र एका हंगामात दोनदा बदलला. गोव्याच्या धेंपो क्लबाचेही तसेच. आर्मांदो कुलासो यांनी दशकभराहून अधिक काळ तिथे काढून पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. 2013 मध्ये ते गेले आणि 2015 मध्ये धेंपो खालच्या श्रेणीत उतरला. वारस तयार करण्याची फुरसत त्या पाच विजेतेपदांच्या काळात कुणाला मिळाली नव्हती असे दिसते.

राष्ट्रीय संघाची तऱ्हा याहून निराळी नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये महासंघाने स्टिमाच यांचा करार 2026 पर्यंत वाढवला. 11 जून 2024 ला दोहात कतारविरुद्ध भारत 1-0 ने पुढे होता. मग कतारने बरोबरी साधली, ती चेंडू सीमारेषेबाहेर गेलेला असताना. पंचांनी गोल दिला, भारत 2-1 ने हरला आणि विश्वचषक पात्रतेची पुढची फेरी हुकली. सहा दिवसांनी स्टिमाच यांची गच्छंती झाली. करार शिल्लक होता, त्यामुळे तडजोडीत महासंघाला सुमारे चार लाख डॉलर मोजावे लागले.

कोचला सहा दिवस पुरले. अध्यक्षांच्या बाबतीत काय झाले ते बघा. तेव्हाच्या राष्ट्रीय क्रीडा संहितेनुसार अध्यक्षाला तीन मुदती, म्हणजे बारा वर्षे मिळत. पटेलांची तिसरी मुदत डिसेंबर 2020 मध्ये संपली. महासंघाच्या घटनेचा वाद सर्वोच्च न्यायालयात होता, त्या सबबीवर निवडणूक झाली नाही आणि कारभार तसाच चालू राहिला. अखेर 18 मे 2022 ला न्यायालयाने न्या. अनिल दवे यांच्यासह तिघांची प्रशासक समिती नेमली. ऑगस्टमध्ये फिफाने बाहेरच्यांचा हस्तक्षेप म्हणून भारताला निलंबित केले. गोकुलम केरळचा महिला संघ तेव्हा आशियाई स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचला होता. न खेळताच परतला. निलंबन 26 ऑगस्टला उठले, आणि 2 सप्टेंबरला कल्याण चौबे यांनी बायचुंग भूतियाला 33-1 ने हरवून अध्यक्षपद मिळवले.

पटेलांच्या पारड्यात काहीच नव्हते असे नाही. 2017 चा 17 वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला, त्याला तेरा लाखांहून अधिक प्रेक्षक आले. 2019 मध्ये फिफाच्या परिषदेवर निवडून गेलेले ते पहिले भारतीय. त्यांच्याच काळात, डिसेंबर 2010 मध्ये, आयएमजी-रिलायन्सशी 15 वर्षांचा, सुमारे 700 कोटींचा करार झाला आणि त्यातून 2014 मध्ये इंडियन सुपर लीग (आयएसएल) उभी राहिली. मात्र पंधरा वर्षांनी तो करार संपेल तेव्हा पुढे काय, याचे उत्तर ना त्यांच्या महासंघाने तयार ठेवले, ना त्यांच्यानंतर आलेल्यांनी. जुलै 2025 मध्ये आयएसएलचा नवा हंगाम बेमुदत लांबणीवर पडला. काही क्लबांनी खेळाडूंचे पगारही थांबवले.

नेमके त्याच सुमारास, 1 ऑगस्ट 2025 ला, राष्ट्रीय संघाचे नवे प्रशिक्षक म्हणून खालिद जमील यांचे नाव जाहीर झाले. मुंबई एफसीने नारळ दिलेले तेच खालिद. स्टिमाच यांच्यानंतर आलेले मनोलो मार्केझ वर्षभरात गेले होते. खालिद यांची सुरुवात झकास झाली: सप्टेंबरमध्ये मध्य आशियातल्या स्पर्धेत ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक. 14 ऑक्टोबरला मडगावात सिंगापूरविरुद्ध छांगतेने भारताला आघाडी मिळवून दिली, पण सिंगापूरने उलट दोन गोल केले आणि आशिया चषकाची वाट बंद झाली. त्या संध्याकाळी मैदानात उतरलेल्या बहुतेक खेळाडूंचे क्लब आयएसएलमधले होते, आणि त्या लीगच्या पहिल्या सामन्याची तारीख तेव्हाही ठरलेली नव्हती.