रात्रीच्या ट्रेकमध्ये सोबत्याला थंडी बाधली तर?

सूर्योदय पाहायला डिसेंबर-जानेवारीत मध्यरात्री कळसूबाई चढणार असाल, तर सोबतच्या मित्राकडे लक्ष असू द्या. चढताना सुती टी-शर्ट घामाने भिजतो आणि १६४६ मीटरवरच्या वाऱ्यात थांबलात की तोच अंगातली ऊब ओढून घेतो. शरीराचे आतले तापमान ३५ अंश सेल्सिअसखाली गेले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. यात मेंदूही मंदावतो, म्हणून ज्याला होते त्यालाच ते कळत नाही. तो अडखळतो, जीभ जड होते, 'मला काही झालेलं नाही' म्हणत चिडतो. अशात कुडकुडणे आपोआप थांबले तर त्याला बरे वाटतेय असे समजू नका. ते जास्त धोक्याचे आहे.

त्याला वाऱ्याच्या आड न्या, ओले कपडे बदला, डोके झाका, खाली मॅट किंवा रिकामी सॅक टाका. पूर्ण शुद्धीत असेल तरच गरम गोड चहा द्या. रम-ब्रँडी अजिबात नको (काही जण 'औषध' म्हणून नेतातच!), तिने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि उष्णता आणखी निघून जाते. हातपाय चोळू नका. बोलणे असंबद्ध झाले किंवा ग्लानी आली, तर त्याला चालवू नका. आडवे झोपवून ऊब द्या आणि रेंज मिळताच १०८ला फोन करा.