पहिल्या पारधीचे सामान

वडील गेल्यानंतर घरातल्या ज्या वस्तूंचा निकाल लावायचा होता, त्यांत एक बंदूक होती. माजघराच्या भिंतीवर, दोन खुंट्यांवर आडवी ठेवलेली. एकनळी, ठासणीची, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. रत्नागिरी जिल्ह्यात सह्याद्रीच्या पायथ्याला असलेल्या आमच्यासारख्या गावांत अशा बंदुका पूर्वी बऱ्याच घरांत असत. परवानाधारक गेला की बंदूक वारसाकडे आपोआप राहत नाही. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते, आणि कोणाला ठेवायची असेल तर त्याने स्वतःच्या नावाने परवाना मागायचा असतो.

आमचे शेत आता पुतण्या करतो. परवान्यासाठी अर्ज तोच करणार होता. कागदांची जुळवाजुळव चालली असताना त्याने मला सहज विचारले, "काका, दिवाळीनंतर पोरं भेकराला जायचं म्हणतायत. मी पहिल्यांदाच जाणार. काय काय सामान घ्यायचं असतं?"

मी उत्तर दिले नाही. देता येण्यासारखेही नव्हते. मी कधी पारधीला गेलेलो नाही. पण बंदुकीमागच्या कोनाड्यात एक कापडी पिशवी होती. ती उघडून मी यादी केली: दारू ठेवायचे शिंग, रिकामे. पितळी माप. केपांची पत्र्याची डबी. छर्ऱ्यांची डबी. काथ्याचा बोळा. मेणकापड. सुंभाचे वेटोळे. घुंगरू लावलेला चामडी पट्टा. आणि घडी घातलेले एक पांढरे फडके.

शेवटच्या तीन वस्तूंचे काम मला कळेना. म्हणून वडिलांच्या थोरल्या भावाकडे, नानाकाकांकडे पिशवी घेऊन गेलो. त्यांचे वय शहाऐंशी. पिशवीत हात घालून ते म्हणाले, "ही दोन पिशव्यांची एक झालेली आहे. निम्मं सामान राखणीचं, निम्मं पारधीचं."

राखण आणि पारध या दोन शब्दांतला फरक मी त्यानंतर वर्षभर शोधत राहिलो. पुतण्याच्या प्रश्नाचे उत्तर त्या फरकातच आहे, असे मला आता वाटते.

सुरुवात सावजापासून करावी लागते, कारण सामान त्यावर ठरते. कोकणच्या या पट्ट्यात हरीणवर्गातली दोन जनावरे मुख्य: सांबर आणि भेकर. त्यांच्यासारखेच दिसणारे, पण शास्त्राच्या दृष्टीने वेगळ्या कुळातले तिसरे म्हणजे पिसोरी. पिसोरी जेमतेम सशापेक्षा थोडी मोठी, तिला शिंगे नसतात. भेकर वीस-पंचवीस किलोंचे, एकटे राहणारे, घाबरले की कुत्र्यासारखे भुंकणारे. सांबराचा मोठा नर दोनशे किलोंच्या वर जातो. भेकर एक माणूस खांद्यावर टाकून आणू शकतो. सांबर पडले तर कोयती, बांबू, सुंभ आणि निदान आठ-दहा माणसे लागतात. सुंभाच्या वेटोळ्याचा उलगडा असा झाला. "काय मारणार ते ठरवायच्या आधी ते घरी कसं आणणार ते ठरव," हा नानाकाकांच्या काळचा पहिला धडा होता.

आता बंदूक. ठासणीच्या बंदुकीत काडतूस नसते. नळीच्या तोंडातून आधी मापाने दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा, मग गजाने ठासायचे. त्यावर छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा ठासणे. शेवटी नळीच्या मागच्या टोकाला असलेल्या पोकळ बोंडावर केप बसवायची. चाप ओढला की घोडा केपेवर पडतो, ठिणगी बोंडातून आत जाते आणि बार होतो. दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. रूढ प्रमाण शंभरात पंच्याहत्तर, पंधरा आणि दहा. तिचा धूर इतका की बारानंतर समोरचे काही क्षण दिसत नाही. पुन्हा भरायला मिनीटभर तरी हवे. म्हणजे सावजाच्या दृष्टीने बंदुकीत एकच बार असतो, आणि तोही तीस-चाळीस मीटरच्या आत.

दारूचा शत्रू म्हणजे ओल. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. म्हणून दारू शिंगात, शिंगाला बूच, आणि केपांची डबी मेणकापडात. दारू ओलसर असली तर घोडा पडतो, केप फुटते, पण बार लगेच होत नाही. कधी दोन-तीन क्षणांनी होतो. तेवढ्यात ज्याने नळी वळवून तिच्यात पाहिले, त्याचा जीव गेला. बार चुकला तर नळी मोकळ्या दिशेला धरून थांबायचे, हा नियम त्यातून आला.

नानाकाकांनी मग गज मागितला. गजावर दोन खाचा होत्या. मी त्या झिजेच्या खुणा समजलो होतो. "खालची खाच भरलेल्या बंदुकीची, वरची रिकाम्या. गज आत सोड आणि नळीच्या तोंडाशी कुठली येते ते बघ," ते म्हणाले. घरी येऊन, केप नाही याची खात्री करून, नळी भिंतीपासून दूर धरून मी गज सोडला. खालची खाच तोंडाशी येऊन थांबली. बंदूक भरलेली होती. किती वर्षांपासून, ते सांगायला वडील नव्हते. कोरडी राहिलेली काळी दारू दशकानुदशके जिवंत राहते. त्या भिंतीखाली आमच्या घरातली तीन लहान मुले झोपत आलेली आहेत.

ती रिकामी करायचा प्रयत्न मी केला नाही. ठाण्यात तसे सांगितले आणि परवानाधारक कारागिराकडून ती मोकळी करून घेतली. त्याने गजाच्या टोकाला मळसूत्र लावून बोळा ओढून काढला. खाली दारू कोरडीच होती.

नानाकाकांना मी हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "राखणीची बंदूक भरून ठेवतात. डुक्कर सांगून येत नाही. पारधीची बंदूक जागेवर बसल्यावरच भरायची आणि उठताना मोकळी करायची."

पट्टा आणि फडके यांचा उलगडा त्यानंतर झाला. त्यांच्या तरुणपणी पारध म्हणजे हाका. शिमग्याच्या सुमाराला रान वाळलेले, पाने पडलेली. पाचोळ्यात पाऊल लपत नाही. बंदूकवाले वाऱ्याच्या उलट बाजूला, ओढ्याच्या किंवा वाटेच्या तोंडाशी बसत. बाकीचे आरडाओरडा करत, डबे वाजवत रान ढवळत येत. हाकेवाल्यांच्या डोक्याला पांढरे फडके, कुत्र्यांच्या गळ्यात घुंगरू. झुडपातून काहीतरी येते आहे हे कळले तरी ते काय आहे, ते फडक्याने आणि घुंगराने सांगायचे. सावज बंदूकवाल्यांची रांग ओलांडून पलीकडे गेल्याशिवाय बार काढायचा नाही, कारण अलीकडे आपली माणसे.

यात एक शास्त्रीय गंमतही आहे. हरणांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, आपल्यासारख्या तीन नाहीत. लाल आणि नारिंगी त्यांना मळकट दिसतो. निळ्याच्या बाजूचे रंग मात्र चांगले दिसतात. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात हरणाच्या बंदुकीच्या शिकारीला जाणाऱ्याने कमरेच्या वर निदान पाचशे चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी रंग घालायचा आणि डोक्यावरही तोच, असा कायदाच आहे. माणसाला माणूस ठळक दिसतो, हरणाला नाही. शिवाय १ जानेवारी १९४९ रोजी किंवा नंतर जन्मलेल्याला तिथे शिकारीचे शिक्षण पूर्ण केल्याशिवाय परवाना मिळत नाही. आमच्या गावाकडे ना तो रंग होता, ना तो वर्ग. पांढरे फडके हरणालाही दिसत असणार. तरी ते बांधत, कारण सावज गेले तर चालेल, असा हिशोब होता.

पायात वहाणा, कमरेला आकडी आणि तिच्यात कोयती, फडक्यात तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी, पाण्याला तुंबा. एवढ्यात यादी संपते. तिच्यातली एकही वस्तू एकट्या माणसासाठी नाही, हे लक्षात यायला मला वेळ लागला. एक बार असलेली बंदूक हाकेवाल्यांशिवाय निरुपयोगी. सुंभ खांदेकऱ्यांशिवाय निरुपयोगी. म्हणून मांसाचे वाटेही सगळ्यांचे असत, ज्याचा कुत्रा त्याचाही वाटा.

ही पद्धत मोडली ती सामान बदलले तेव्हा. डोक्याला बांधायची बॅटरी आली, जीप आली, चोरटे काडतूस आले. प्रकाशझोतात जनावर डोळे दिपून उभे राहते. हाका लागत नाही, गाव लागत नाही, दोघे-तिघे पुरतात. पण झोताच्या टोकाला चमकणारे डोळे कोणाचे, हे पाहणारा पांढरे फडके बांधून फिरत नसतो. कोकणात रात्रीच्या शिकारीला गेलेल्याला सोबत्याचीच गोळी लागल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, त्या या बदलातून येतात.

कायद्याकडे वळले की राखण आणि पारध यांतला फरक अधिक स्पष्ट होतो. इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने हत्यारांवर परवाना बसवला. तो सैल करावा अशी मागणी राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात केली होती. स्वातंत्र्यानंतरच्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने शेतकऱ्याची गरज मान्य केली. त्याच्या तेराव्या कलमात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. ती अपुरी पडेल अशी खात्री पटली तरच दुसरी बंदूक. कायदा कारण देत नाही. पण गजाच्या दोन खाचा पाहिलेल्याला ते उमगते: एक बार, जवळचा पल्ला, भरपूर आवाज. जनावर शेतातून हाकलायला पुरेशी, रानात शिरून मारत सुटायला अपुरी.

शिकारीचा कायदा वेगळा. मुंबई राज्यात १९५१ पासून वन्यपशुपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा होता, त्यात शिकारीला परवाना लागे. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम आला. त्यातही सुरुवातीला काही प्राण्यांसाठी शिकारीचे परवाने होते. १९९१ च्या दुरुस्तीने ते बंद झाले. तेव्हापासून भेकर किंवा सांबर हौसेने मारण्याचा कायदेशीर मार्ग भारतात नाही. उभ्या पिकाला धोका झाला तर अकराव्या कलमाखाली अधिकाऱ्याची लेखी परवानगी मिळू शकते. महाराष्ट्रात २०१५ मध्ये रानडुक्कर आणि नीलगाय यांच्याबाबत तशा अर्जाची पद्धत ठरली. नीलगाय कोकणात नाही. म्हणजे आमच्या पुतण्यासाठी उरते ते डुक्कर, अर्ज करून, आणि भरपाईसाठी पंचनामा. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे, हे घराघरांत बंदूक असलेल्या आमच्या गावात आजही अनेकांना ठाऊक नाही.

हे सगळे मी पुतण्याला सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि विचारले, "मग काका, भाताचं काय?" या प्रश्नाला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. लोंब्या भरल्या की एका रात्रीत डुकरे अर्धा वाफा लोळवतात. भरपाई येते तेव्हा पुढची लावणी झालेली असते. मी शहरात राहतो, राखणीला तो बसतो. त्याच्या झोपेचा हिशोब माझ्या निबंधात येत नाही.

शेवटी आम्ही पिशवी वाटून घेतली. अर्जाला मी संमती दिली. अर्जात कारण एकच, पीकसंरक्षण. परवाना मिळाला तर माप, शिंग, मेणकापड आणि गज त्याचे. गजावरच्या खाचांवर नानाकाकांनी स्वतः लाल रंग भरून दिला आणि रोज सकाळी मळ्यातून उठताना गज सोडून पाहण्याचे त्याच्याकडून कबूल करून घेतले. सुंभ, घुंगराचा पट्टा आणि फडके माझ्याकडे आले.

दिवाळीनंतर पोरे भेकराला गेली का, ते मी विचारले नाही. पुतण्या गेला नाही, एवढे नानाकाकांनी सांगितले. त्या रात्री तो मळ्यात होता. पहाटे ओढ्यापलीकडे भेकर भुंकले, ते त्याने त्यांना येऊन सांगितले.