भूक मारणारी प्रथिनं (लेखांक ६)

तापात तोंड कडू पडतं आणि गरम पेजेचे दोन घोटही बळेच घ्यावे लागतात. त्या वेळी भूक मारतं ते आपलंच शरीर. जंतूंशी लढणाऱ्या पेशी सायटोकाइन नावाची प्रथिनं सोडतात, त्यांचा निरोप मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला पोचतो आणि भुकेची यंत्रणा मंदावते. जंतूंशी लढण्याच्या या प्रतिक्रियेला दाह म्हणतात. मागच्या आठवड्यात आपण भुकेची संप्रेरकं पाहिली. आजचा प्रश्न असा : ताप नाही, जंतू नाहीत, तरी महिनोन्महिने ताट दूर सारणाऱ्या मुलीच्या आजारात, म्हणजे अ‍ॅनोरेक्सियात, या प्रथिनांचा काही वाटा असेल का?

शंका घ्यायला जुनं कारण आहे. परजीवींची लागण झालेले प्राणी इतके का खंगतात, याचा शोध न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात अँथनी सेरामी घेत होते. खंगवणारं एक प्रथिन त्यांना सापडलं, त्याला त्यांनी कॅकेक्टिन म्हटलं. १९८५ मध्ये ब्रूस बॉयटलर आणि सेरामी यांनी दाखवलं, की कॅकेक्टिन म्हणजे गाठींच्या पेशी मारणारं म्हणून आधीच माहीत असलेलं टीएनएफच. दाह पेटवणारं हे प्रथिन प्राण्यांना टोचलं की त्यांचं खाणं कमी होतं.

पुढे अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्णांचं रक्त तपासलं गेलं. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-६ ही दोन्ही सायटोकाइन निरोगी माणसांपेक्षा सरासरीने जास्त निघाली. बुलिमियात, म्हणजे अनावर खाऊन मग ते भरून काढण्याच्या आजारात, मात्र असं स्पष्ट चित्र दिसलं नाही, आणि अ‍ॅनोरेक्सियातही प्रत्येक अभ्यासाचं उत्तर एकच नाही.

इथे एक कोडं आहे, आणि ते प्रयोगशाळेपुरतं नाही. आपल्याकडे मुलगी वाळायला लागली की घरच्यांना आधी टीबीची शंका येते आणि डॉक्टर दाह दाखवणारी ईएसआर ही रक्ततपासणी करायला सांगतात. अ‍ॅनोरेक्सियात मात्र दाहाची प्रथिनं वाढलेली असूनही ईएसआर बहुधा नॉर्मल किंवा कमीच येतो. दाहाची दुसरी खूण असलेलं सीआरपीही अनेकदा कमी असतं. उपाशी शरीर सीआरपीसारखी प्रथिनं बनवताना हात आखडता घेत असावं, असा एक अंदाज आहे. या रुग्णांना संसर्ग झाला तरी कधीकधी तापही चढत नाही. म्हणून कागदावरचा ‘नॉर्मल’ हा शब्द वाचून ‘हिला काही झालेलं नाही, नाटकं करते’ असं म्हणणं हा त्या मुलीवर अन्याय आहे. उलट वजन घटतंय आणि ईएसआर खूप वाढलेला आहे, तर टीबी, क्रोन्स हा आतड्याचा आजार किंवा आणखी काही आहे का, हे शोधायलाच हवं.

आधी काय, दाह की उपासमार? डेन्मार्कमध्ये १९८९ ते २००६ दरम्यान जन्मलेल्या सव्वापाच लाखांहून अधिक मुलींच्या नोंदींचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. संसर्गासाठी रुग्णालयात राहावं लागलेल्या मुलींमध्ये नंतर अ‍ॅनोरेक्सियाचं निदान होण्याचा धोका २२ टक्क्यांनी आणि बुलिमियाचा ३५ टक्क्यांनी जास्त होता. संसर्गानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत तो सर्वाधिक. फिनलंड आणि स्वीडनच्या नोंदींत खाण्याचे आजार आणि ऑटोइम्यून (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचे) आजार एकत्र आढळण्याचं प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त दिसलं. मला हे पुरावे महत्त्वाचे वाटतात, पण त्यांनी कारण सिद्ध होत नाही. ऑटोइम्यून आजारांपैकी टाइप १ मधुमेह किंवा गव्हाने आतड्याला इजा होणारा सीलिअ‍ॅक झालेल्या मुलीला प्रत्येक घास मोजून खावा लागतो, आणि ते मोजणंच पुढे मनात घर करू शकतं. संसर्गावर दिलेल्या प्रतिजैविकांनी बदललेले आतड्यातले जिवाणू हीही एक शक्यता आहे. बिंज ईटिंगमध्ये, म्हणजे अनावर खाण्याच्या आजारात, गुंता आणखी वाढतो, कारण वाढलेली चरबी स्वतःच दाहाची प्रथिनं तयार करते.

एका गोष्टीची मला खरी काळजी वाटते. दाह हा शब्द आता घरोघर पोचला आहे आणि त्याच्या मागोमाग ‘दाह कमी करणारा आहार’ही आला आहे : गहू बंद, दूध बंद, साखर बंद. आधीच खाणं आक्रसलेल्या मुलीला ही यादी म्हणजे न खाण्याचं आयतं, शास्त्रीय वाटणारं निमित्त. अ‍ॅनोरेक्सियावर दाहविरोधी औषध म्हणून मान्यता मिळालेलं एकही औषध आज नाही. पुरेसं अन्न, वजन पूर्ववत होणं, आणि किशोरवयात आईवडिलांनी जेवणाची सूत्रं काही काळ स्वतःकडे घेणारी कुटुंबाधारित उपचारपद्धती, यांचाच मुख्य आधार आहे.

गव्हाचा त्रास होतो अशी खरोखरच शंका असेल, तर सीलिअ‍ॅकची रक्ततपासणी पोळी खाणं चालू असतानाच करून घ्या. आधीच गहू सोडला असेल, तर आजार असूनही ती नॉर्मल येऊ शकते.

(पुढच्या आठवड्यात : आतड्यातले जिवाणू)