लेकीचे नाव : कोणी ठेवले, कशासाठी ठेवले?

नावात काय आहे, असे सहज विचारणाऱ्यांना आमचे एक सांगणे आहे. आपल्या घरातील चार पिढ्यांच्या बायकांची नावे एका कागदावर ओळीने लिहून काढा. पणजी धोंडाबाई किंवा दगडाबाई निघेल. आजी कचराबाई, भागीरथी किंवा ठकूबाई निघेल. आई सुजाता, वैशाली किंवा दीक्षा असेल आणि लेक प्रज्ञा किंवा संघमित्रा असेल. समाजाचा शंभर वर्षांचा इतिहास त्या चार ओळींत सापडतो. तो वाचता आला पाहिजे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

नावाचाही कायदा होता

माणसाचे नाव काय असावे, हे या देशात धर्मशास्त्राने ठरवून दिले होते. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नियम आहे. ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बलाचे, वैश्याचे धनाचे आणि शूद्राचे नाव मात्र किळस वाटेल असे असावे! स्त्रियांची नावे उच्चाराला सोपी, कानाला गोड आणि आशीर्वाद देणारी असावीत, असेही तेथे म्हटले आहे. पण तिसऱ्या अध्यायात लग्नाच्या मुलीबद्दल सांगताना नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी, साप यांचे नाव असलेली किंवा दासीसारखे नाव असलेली मुलगी करू नये, असा इशाराही आहे. म्हणजे नाव आईबापांनी ठेवायचे आणि त्याची शिक्षा मुलीने भोगायची.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली जो ग्रंथ जाळण्यात आला, तो हाच. किळसवाण्या नावाचा नियमही त्या दिवशी त्या आगीत गेला, असे आम्ही मानतो.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. धोंडा, दगड, कचरा ही नावे केवळ आपल्याच वस्तीत होती असे नाही. पूर्वी मुले फार दगावत. ओंगळ नाव ठेवले की मुलाला दृष्ट लागत नाही, मृत्यूही त्याला टाळून पुढे जातो, अशी भोळी समजूत सर्व जातींत होती. महर्षी कर्व्यांचे नावही धोंडो केशव होते. फरक पडत असे तो हाक मारताना. एकाच्या नावापुढे पंत लागे, दुसऱ्याचा धोंड्या होई. वरच्या आळीतील गंगाबाई ही गंगाबाईच राहत असे; आपली गंगाबाई पन्नाशी उलटली तरी पाटलाच्या दहा वर्षांच्या पोराच्या तोंडी 'गंगे' असे. चांगले नाव असूनही ते पुरते उच्चारले जात नसे. बाई हे दोन अक्षरी शेपूट मिळवायलासुद्धा आपल्या आयांना पिढ्यान्‌पिढ्या झगडावे लागले.

नकोशी, अंतिम आणि येतेर

मुलीच्या नावात जातीच्या तिरस्काराबरोबर आणखी एक तिरस्कार असे, तो मुलगी असण्याचा. सातारा जिल्ह्यात अनेक घरांत तिसऱ्या-चौथ्या मुलीला 'नकोशी' किंवा 'नकुसा' असे नाव ठेवत. शाळेच्या हजेरीपटावरही तेच. रोज सकाळी गुरुजींनी हाक मारायची, 'नकोशी', आणि पोरीने म्हणायचे, 'हजर'! २२ ऑक्टोबर २०११ रोजी सातारा जिल्हा परिषदेने कार्यक्रम घेऊन अशा २८५ मुलींची नावे बदलली. ही कालपरवाची गोष्ट आहे आणि आपल्याच राज्यातली आहे.

हरियाणात 'आता मुली पुरे' म्हणून चौथ्या मुलीचे नाव अंतिम ठेवले गेले. त्याच अंतिम पंघालने २०२२ साली वीस वर्षांखालील जागतिक कुस्ती स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. या स्पर्धेत सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. शेवटची म्हणून जिचे नाव ठेवले, ती पहिली आली.

हा रोग आपल्याच देशातला आहे असे समजू नये. तुर्कस्तानात मुलीचे 'येतेर' असे नाव आढळते. त्याचा अर्थ 'पुरे'. चीनमध्ये 'झाओदी' नावाच्या मुली असतात. म्हणजे 'धाकट्या भावाला बोलावून आणणारी'. ज्या रोमन साम्राज्याचे गोडवे शाळेच्या पुस्तकात गातात, तेथे मुलीला स्वतःचे असे नाव बहुधा नसेच. ज्युलियस घराण्याची प्रत्येक मुलगी ज्युलिया. दोन झाल्या तर थोरली आणि धाकटी, तिसरी आली तर तिसरी. ज्युलियस सीझरच्या दोन्ही बहिणींचे नाव ज्युलियाच होते.

अमेरिकेतील गुलामांची नावे मालक ठेवीत. त्यांच्यातली एक बाई, इझाबेला तिचे नाव. गुलामीतून सुटल्यावर १८४३ साली तिने ते नाव टाकले आणि 'सोजर्नर ट्रुथ' असे नवे नाव स्वतःच घेतले. सत्य सांगत गावोगाव फिरणारी, असा त्याचा भाव. पुढे गुलामगिरीच्या आणि स्त्रियांच्या हक्काच्या लढ्यात हे नाव अमर झाले. जोखड टाकणारा माणूस आपले नाव आपण ठेवतो, ही गोष्ट जगभर खरी आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर

आपल्याकडे हे नागपूरच्या दीक्षाभूमीवर घडले. एका माणसाने नाही, लाखोंनी नवी ओळख घेतली. त्यानंतर पाळण्यातली नावे बदलली. यासाठी कोणी हुकूम काढला नव्हता. गिरणीत, गोदीत, रेल्वेत राबणाऱ्या, सही करताना हात थरथरणाऱ्या आईबापांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचून घेतला आणि त्यातली नावे लेकींना दिली. जगाच्या इतिहासात इतक्या थोड्या वर्षांत एका समाजाच्या लेकींची नावे अशी पालटल्याची उदाहरणे फार नसावीत.

मुलगी झाली म्हणून खट्टू झालेल्या कोसल देशाच्या प्रसेनजित राजाला भगवान बुद्धांनी समजावले होते की, मुलगी ही मुलापेक्षाही सरस निघू शकते. हिंदू स्त्रीच्या उन्नती-अवनतीवर १९५१ साली लिहिलेल्या लेखात बाबासाहेबांनी या प्रसंगाचा आवर्जून उल्लेख केला आहे. ज्या धम्मात ही शिकवण आहे, त्या धम्माच्या घरात नकोशी जन्मूच शकत नाही.

ही नावे कोणाची?

आम्ही ऐरोली, घणसोली, तुर्भे, नेरूळ या भागांत नामकरणाच्या कार्यक्रमांना जातो. नाव ठेवले जाते, पेढे वाटले जातात. अर्थ विचारला की मात्र घरचे एकमेकांकडे पाहतात. म्हणून नेहमीची काही नावे येथे देत आहोत.

सुजाता : सिद्धार्थाला खीर देणारी. थायलंडमध्ये आजही मुलींचे नाव सुचादा ठेवतात. ती आपली सुजाताच.

गौतमी : महाप्रजापती गौतमी. सिद्धार्थाची मावशी आणि त्याला वाढवणारी आई. स्त्रियांना संघात प्रवेश मिळावा म्हणून पाचशे शाक्य स्त्रियांसह पायी चालत ती वैशालीला गेली. हा स्त्रियांचा पहिला मोर्चाच म्हटला पाहिजे. तो जेथे यशस्वी झाला ते नगर म्हणून वैशाली हे नावही आपले.

आम्रपाली : आंब्याच्या बनात सापडली म्हणून हे नाव. वैशालीची ही गणिका आपले आम्रवन संघाला दान करून भिक्षुणी झाली. या नावाला नाक मुरडणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की, लिच्छवी राजकुमार विनवीत असताना भगवंतांनी तिच्याच घरचे भोजन स्वीकारले.

विशाखा : नक्षत्राचे नाव, मनूच्या मते लग्नाला वर्ज्य! तीच श्रावस्तीची सर्वांत थोर उपासिका ठरली. तिने पूर्वाराम विहार बांधला.

पूर्णा : पालीत पुण्णा. अनाथपिंडिकाच्या घरची पाणी भरणारी दासी. नदीत बुडी मारून पाप जात असेल तर बेडूक, कासवे आणि मासे आधी स्वर्गात जातील, असे तिने एका ब्राह्मणाला सुनावले.

प्रकृती : विहिरीवरची चांडाळ कन्या. आनंदाने पाणी मागितले तेव्हा तिने आपली जात सांगितली. मी पाणी मागितले, जात विचारली नाही, असे आनंद म्हणाला. महाडच्या चवदार तळ्याच्या लेकींना या नावाचा अर्थ वेगळा सांगायला नको.

संघमित्रा : सम्राट अशोकाची कन्या. बोधिवृक्षाची फांदी घेऊन श्रीलंकेस गेली. अनुराधपूरला तो वृक्ष आजही उभा आहे.

क्षेमा म्हणजे सुखरूप, उत्पलवर्णा म्हणजे निळ्या कमळाच्या रंगाची, धम्मदिन्ना म्हणजे धम्माने दिलेली. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा हे चार ब्रह्मविहार. यातले उपेक्षा हे नाव ऐकून शाळेतल्या बाई हसतात, कारण मराठीत त्याचा अर्थ हेळसांड असा झाला आहे. धम्मात उपेक्षा म्हणजे सुखदुःखात तोल न जाऊ देणारे मन. मुलीला हे नाव ठेवले असेल तर तिला हा अर्थ पाठ करून द्या, म्हणजे उत्तर देताना ती चाचरणार नाही.

मग रमा, भीमा, सावित्री या नावांचे काय, असे कोणी विचारील. रमा हे लक्ष्मीचे नाव आहे, सावित्री पुराणातली आहे. पण आज आपल्या वस्तीत 'रमाई' म्हटले की कोणाला लक्ष्मी आठवते? वणंदच्या रमीने उपास काढले, चार लेकरे गमावली आणि बाबासाहेबांचा संसार पेलला, तेव्हा त्या नावाचा अर्थ बदलला. ज्योतिबांच्या सावित्रीने शेणाचे गोळे अंगावर झेलले आणि सावित्री म्हणजे शिक्षिका झाली. त्यांच्या शाळेतील मातंग समाजाच्या मुक्ताने १८५५ साली आपल्या समाजाच्या दुःखाचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आणला. कोशातला अर्थ जन्मापुरता. खरा अर्थ बाई आपल्या कामाने लिहिते.

मग हे नाव पुसता का?

आता दोन कडू गोष्टी बोलल्याशिवाय आम्हाला राहवत नाही.

पहिली गोष्ट लग्नातली. बुद्धमूर्तीसमोर परिणय होतो, पंचशील घेतले जाते आणि घरी आल्यावर ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवरीचे नवे नाव लिहितात! आईबापांनी विचार करून ठेवलेली संघमित्रा एका मिनिटात नवऱ्याच्या नावाला जुळणारी कोणीतरी होते. कोणत्या कायद्यात हे लिहिले आहे? कोणत्याही नाही. लग्नानंतर ना पहिले नाव बदलण्याची सक्ती आहे, ना आडनाव. म्यानमार हा बौद्ध देश. तेथे आडनावाची पद्धतच नाही आणि बाई लग्नानंतर आपल्याच नावाने राहते. विशाखेचे सासरे मिगार यांनी तर सुनेला माता मानले, म्हणून ती मिगारमाता म्हणून ओळखली गेली. आमच्यासारख्या कारकुनाला याची दुसरी बाजूही रोज दिसते. शाळेचा दाखला, जातीचा दाखला, गुणपत्रिका माहेरच्या नावाने, आणि बँकेचे पुस्तक सासरच्या नाव-आडनावाने. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्र, फेऱ्या. सुनेचे नाव बदलण्याची हौस सासूची आणि पायपीट सुनेची.

दुसरी गोष्ट अधिक दुखरी आहे. भाड्याची खोली पाहायला गेले की आधी आडनाव विचारतात, आडनावावरून कळले नाही तर मुलांची नावे विचारतात. प्रज्ञा, सम्यक, संघमित्रा ऐकले की, 'खोली कालच गेली' असे उत्तर मिळते. म्हणून काही घरांत आता ओळख लागणार नाही अशी मालिकेतली नावे ठेवतात. त्या आईबापांना आम्ही दोष देणार नाही. लेकराला धक्का लागू नये, ही त्यांची तळमळ खरी आहे. पण ही वाट बाबासाहेबांनी आधीच तपासून पाहिली होती. धर्मांतराचा विचार मांडताना त्यांनी लिहिले आहे की, अस्पृश्य माणूस चोखामेळा, हरिजन अशा नावांआड लपू पाहतो, पण समोरचा पुढचा प्रश्न विचारतो आणि शेवटी जात उघडी पडतेच. लपून सुटका नाही, सुटका नव्या स्वाभिमानी ओळखीत आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. खोली नाकारणाऱ्याने लाजावे, आपल्या संघमित्रेने का लाजावे?

कागदावरचे काम

जन्माची नोंद २१ दिवसांत करावी लागते. त्या वेळी नाव ठरले नसेल तर नोंदणीपासून वर्षभरात ते विनाशुल्क घालता येते, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून. ते वेळेत घाला आणि शुद्धलेखन तपासून घ्या. 'प्रज्ञा'चे 'प्रदन्या' झाले की शाळेपासून पासपोर्टपर्यंत तेच चालते.

महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकाच्या नावापुढे आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम शासकीय कागदपत्रांत आला आहे. काही पुरुषांना हे नवे थेर वाटते. त्यांनी नाशिकच्या लेण्यांत जाऊन यावे. दोन हजार वर्षांपूर्वी याच भूमीचा राजा स्वतःला गौतमीपुत्र सातकर्णी म्हणवीत होता आणि त्याची आई गौतमी बलश्री हिने भिक्षुसंघाला दिलेल्या लेण्याचा लेख तेथील भिंतीवर कोरलेला आहे. आईचे नाव लावण्यात कमीपणा नाही. ती आपली जुनीच चाल आहे.

तेव्हा माता-भगिनींनो आणि बांधवांनो, लेकीचे नाव ठेवताना घाई करू नका. आजीला विचारा, ग्रंथ उघडा, अर्थ समजून घ्या. तिला बोलता येऊ लागले की तो अर्थ तिला सांगा. आणि ती सून होऊन दुसऱ्या घरी गेली, किंवा दुसऱ्याची लेक आपल्या घरी आली, तर तिचे नाव तिच्याकडेच राहू द्या. किळसवाणी नावे पुसायला आपल्याला फार मोठी किंमत मोजावी लागली आहे. त्या किमतीत मिळालेले नाव तांदळाच्या ताटात सांडू नका.

जयभीम.