वाघनखी नेमकी कोणती?

श्रावणात कोकणातल्या एखाद्या गडग्यावर किंवा सह्याद्रीच्या पायथ्याच्या कुंपणावर नजर टाकली, की हिरव्या गर्दीत लालपिवळ्या ज्वाळा उठलेल्या दिसतात. सहा पाकळ्या, कडा नागमोडी, टोके मागे वळून वर उभी राहिलेली. पानाचे टोक लांबत जाऊन त्याचा दोरा होतो आणि तो शेजारच्या फांदीला विळखा घालतो. उमलल्यापासून फूल रंग बदलत राहते. आधी हिरवट, मग पिवळे आणि शेवटी लालभडक. ही अग्निशिखा. कोकणात गौरीच्या सणात तिला मान आहे, तमिळनाडूचे ते राज्यफूल आहे आणि दूरच्या झिम्बाब्वेचे राष्ट्रीय फूल. आता रोपवाटिकांमधून ती शहरातल्या गच्चीवर आणि बाल्कनीतही पोचली आहे.

या एका वेलीला मराठीत नावे किती! ज्वाळेसारखी म्हणून अग्निशिखा. पाकळ्या नखांसारख्या वळलेल्या म्हणून वाघनखी. जमिनीखालचा कंद नांगरासारखा वाकडा, म्हणून संस्कृतात लांगली. शिवाय खड्यानाग, बचनाग आणि सर्वांत प्रसिद्ध नाव म्हणजे कळलावी. दोन माणसांत भांडण लावून देणाऱ्याला आपण कळलाव्या म्हणतो. पण या वेलीच्या नावातली कळ पोटातली आहे. बाळंतपणात कळा याव्यात म्हणून तिचा कंद वापरण्याची प्रथा होती, त्यावरून हे नाव पडले. संस्कृतात तिला गर्भपातिनी असेही एक नाव आहे. बाकी नावे फुलाच्या रूपावर भाळलेल्यांनी ठेवली असावीत, ही दोन मात्र तिचा प्रताप पाहिलेल्यांनी.

वाघनखी म्हटले की मराठी मनात आधी प्रतापगड उभा राहतो. १६५९ सालची ती भेट आणि मुठीत लपवलेली पोलादी नखे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात आली, तेव्हा ती पाहायला रांगा लागल्या. वाघाचे नख, त्यावरून हत्यार आणि हत्यारासारखे दिसते म्हणून फूल, असा नावाचा प्रवास सरळ वाटतो. पण गावात जाऊन वाघनखीचे झाड विचारले, तर बरेच जण भलत्याच झाडाकडे बोट दाखवतील.

ती दुसरी वाघनखी उकिरड्याकडेला, पडीक जमिनीत वाढते. पाने मोठी आणि केसाळ, हात लावला तर चिकट. फुले फिकट गुलाबी, घंटेसारखी. खरी गंमत फळाची. ते वाळले की आतून काळे, टणक बी निघते आणि त्याच्या टोकाला दोन अणकुचीदार आकडे असतात. हे झाड मूळचे मेक्सिकोकडचे. जनावरांच्या पायांत, केसांत अडकून दूर जाण्यासाठी त्याने हे आकडे कमावले. तेच बी उलटे धरले तर नांगी उगारलेल्या विंचवासारखे दिसते. म्हणून त्याच झाडाचे दुसरे नाव विंचू.

फुलांना प्राण्यांची आणि वस्तूंची नावे देण्याची खोड सगळ्या जगाला आहे. आपल्या दारातली गोकर्ण म्हणजे गाईचा कान. डेल्फिनियमच्या कळीत ग्रीकांना डॉल्फिन मासा दिसला, जिरेनियमच्या शेंगेत क्रौंचाची चोच. ग्लॅडिओलस म्हणजे छोटी तलवार. छातीच्या मधल्या हाडाच्या मुख्य भागालाही शरीरशास्त्रात हेच नाव आहे. ही नावे लक्षात राहतात, मुलांना आवडतात. त्यात वाईट काही नाही. पंचाईत होते ती नावावरून औषध ठरवायला घेतले की.

विंचवासारखे बी विंचवाच्या विषावर चालते, हा समज असाच तयार झाला. जे ज्या अवयवासारखे किंवा प्राण्यासारखे दिसते, ते त्यावरचे औषध, असे युरोपातही शतकानुशतके मानत. बी उगाळून दंशावर लावणारे आपल्याकडेही होते. कोकणातला लाल विंचू मात्र या सारखेपणाची पर्वा करत नाही. त्याच्या विषाने शरीरातल्या स्वायत्त मज्जासंस्थेत वादळ उठते. उलट्या होतात, दरदरून घाम सुटतो, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो, आणि पुढे फुप्फुसांत पाणी भरून रोगी, विशेषतः लहान मूल, दगावते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी असे रुग्ण वर्षानुवर्षे पाहिले, त्यांच्या नोंदी ठेवल्या आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या, स्वस्त गोळीने हे वादळ आवरता येते हे दाखवून दिले. त्यांचे हे काम ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ही गोळी जितकी लवकर मिळेल तितका तिचा उपयोग अधिक, म्हणून बी उगाळण्यात गेलेला एक तास महागात पडतो.

अग्निशिखेच्या बाबतीत धोका वेगळा आहे. तिच्या सर्व भागांत, आणि कंदात व बियांत सर्वाधिक, कोल्चिसिन नावाचे द्रव्य असते. आयुर्वेदानेही लांगलीला उपविषांत घातले आहे, म्हणजे शुद्धी केल्याशिवाय वापरू नये अशांत. कोल्चिसिन हे खरोखरचे औषध आहे. गाउट या सांध्याच्या दुखण्यावर डॉक्टर त्याची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी देतात, आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हृदयविकाराचा धोका कमी करण्यासाठीही त्याच्या अल्प मात्रेला मान्यता दिली. तमिळनाडूत शेतकरी अग्निशिखेची शेती करतात ती तिच्या बियांतल्या याच द्रव्यासाठी. पण औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर फार थोडे. कंदाच्या एका तुकड्यात किती कोल्चिसिन आहे, हे डोळ्यांनी सांगता येत नाही.

पेशीचे विभाजन होताना आत सूक्ष्म धाग्यांची एक दोरखंडी तयार होते आणि ती गुणसूत्रे दोन्हीकडे ओढून नेते. कोल्चिसिन हे धागे बनूच देत नाही. त्यामुळे ज्या पेशी सतत विभागत असतात, त्यांना पहिला फटका बसतो. म्हणून आधी आतड्याचे अस्तर जाते. काही तासांत प्रचंड उलट्या आणि जुलाब सुरू होतात, अगदी पटकी झाल्यासारखे. एक-दोन दिवसांत ते कमी झाले की घरच्यांना वाटते, निभावले. पण त्याच सुमारास अस्थिमज्जा ढासळू लागते, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घटतात, मूत्रपिंडे आणि हृदय अडचणीत येतात. जे यातून वाचतात, त्यांचे केस दोन-तीन आठवड्यांनी झडतात आणि पुढे पुन्हा येतात. या विषावर सहज मिळेल असा उतारा नाही. रुग्णाला सावरून धरणे एवढेच हातात असते, आणि तेही अतिदक्षता विभागात. श्रीलंकेत आणि दक्षिण भारतात असे रुग्ण वेळोवेळी नोंदले गेले आहेत. काहींनी कंद रताळे किंवा सुरण-कोनफळासारखे काही समजून शिजवून खाल्ला होता. शिजवल्याने कोल्चिसिन नाहीसे होत नाही.

आता यात बचनागाची भर. कळलावीला बचनाग म्हणणारे लोक आहेत. पण खरा बचनाग हिमालयातला. वत्सनाभ या संस्कृत नावाचेच ते बोलीतले रूप, आणि त्याचा अर्थ वासराची बेंबी. त्याचा कंद तसा दिसतो. त्याची भावंडे युरोपातल्या बागांत निळ्याजांभळ्या फुलांसाठी लावतात, आणि फुलाचा आकार टोपडे चढवलेल्या जोग्यासारखा म्हणून तिकडे त्याला तसेच नाव आहे. बचनागातले अ‍ॅकोनिटिन पेशींच्या विभाजनाच्या वाटेला जात नाही. ते मज्जातंतू आणि हृदयाच्या विद्युतप्रवाहात ढवळाढवळ करते. काही मिनिटांत ते तासा-दोन तासांत ओठ, जीभ, बोटे मुंग्या येऊन बधिर होतात आणि हृदयाची लय बिघडते. इथे पहिले काही तास हृदयाच्या आलेखावर नजर ठेवण्याचे असतात. कोल्चिसिनचा रुग्ण मात्र तिसऱ्या-चौथ्या दिवशीही धोक्यात असतो, त्याला उलट्या थांबल्या म्हणून घरी सोडून चालत नाही. ‘पेशंटने बचनाग खाल्ला’ एवढ्या निरोपावर डॉक्टरने यातले कोणते धरावे?

म्हणूनच रुग्णालयात जाताना नाव सांगण्यापेक्षा झाड दाखवणे शहाणपणाचे. पान, फूल, उरलेला कंद पिशवीत घालून न्यावा, निदान फोनवर फोटो काढावा. किती वाजता आणि साधारण किती खाल्ले, हे लिहून न्यावे. मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्याच्या भानगडीत पडू नये. झाडाची ओळख पटली की डॉक्टरांना दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राकडून चोवीस तास सल्ला मिळू शकतो. आणि तिथे लागते ते शास्त्रीय नाव. अग्निशिखा म्हणजे ग्लोरिओसा सुपर्बा, आकड्याच्या बियांची वाघनखी म्हणजे मार्टिनिया अ‍ॅनुआ, बचनाग म्हणजे अ‍ॅकोनिटम फेरॉक्स. ही लॅटिन नावे कोरडी आहेत, त्यांत ना वाघ ना वासरू. पण ती एका झाडाला एकच असतात.

घरी अग्निशिखा असेल तर ती उपटून टाकायची गरज नाही. कुंडी लहान मुलांच्या आणि पाळीव जनावरांच्या आवाक्याबाहेर ठेवावी, माती बदलताना हातमोजे घालावेत आणि कंद भाजीच्या टोपलीजवळ कधीही ठेवू नयेत. पावसाळा सरला की वेल वाळून जाते, वर काहीच दिसत नाही. पुढच्या मृगापर्यंत कंद मातीत निजलेला असतो, आणि उन्हाळ्यात कुंडी रिकामी समजून ती उकरायला घेणाऱ्याच्या हाती नेमका तोच लागतो. त्यासाठी कुंडीवर नावाची पाटी लावलेली बरी.