बाहेरचा लसूण बाजारात येतो कसा? परवाना कोणाला लागतो, लेबलवर काय बघायचं?

लसणाचा भाव चढला की आठवडी बाजारात एक प्रश्न हमखास ऐकू येतो, 'हा चायनाचा तर नाही ना?' मोठी गड्डी, जाड पाकळी, पांढरं फेक दिसलं की लगेच संशय. पण नुसत्या डोळ्यांनी बघून लसूण कुठल्या देशाचा, हे खात्रीने सांगता येत नाही. आपल्याकडेही मोठ्या पाकळीचे वाण आहेतच.

चीनच्या लसणाला भारतात २०१४ पासून बंदी आहे. कारण बुरशीजन्य रोगाचा धोका. म्हणजे बाहेरचा सगळाच लसूण बेकायदा, असं मात्र नाही. अफगाणिस्तानचा लसूण रीतसर येतो. चोरट्या वाटेने येणारा माल ही वेगळी भानगड. सप्टेंबर २०२४ मध्ये गुजरातच्या गोंडल मार्केट यार्डात चिनी लसणाच्या गोण्या सापडल्या, तेव्हा शेतकरी आणि व्यापाऱ्यांनी लिलावच बंद पाडला. लसणावर आयात शुल्क १०० टक्के आहे. ते चुकवून माल आत आला तर तो किती स्वस्तात विकता येईल, याचा हिशेब कोणीही करावा.

रीतसर आयातीची वाट लांब आहे. व्यापाऱ्याकडे आयात-निर्यात कोड लागतो, शिवाय एफएसएसएआयचा केंद्रीय परवाना. लसूण, आलं, बटाटा असा कंद असेल तर २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे माल येण्याआधीच आयात परवानगी काढावी लागते. ज्या देशातून माल निघतो, तिथल्या सरकारी खात्याचा 'माल रोग-किडीपासून मुक्त आहे' असा दाखला सोबत हवा. कंदाला माती चिकटलेली चालत नाही, कारण मातीतूनच रोग येतात. बंदरावर अधिकारी तपासणी करतात. गरज पडली तर धुरी देतात, नाहीतर माल परत पाठवतात किंवा नष्ट करतात. एफएसएसएआयवाले कागद बघतात, नमुने घेतात. त्यांचा ना-हरकत दाखला मिळाल्याशिवाय माल बाजारात आणता येत नाही.

शेतकऱ्याने इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. खाण्यासाठी आणलेल्या कंदाची परवानगी वेगळी आणि लागवडीसाठीची वेगळी. लागवडीच्या मालाची तपासणी जास्त कडक असते. लसणाचं बी म्हणजे त्याची पाकळीच. त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरात बियाणं महाग पडलं की बाजारातल्या गड्ड्या फोडून लावायचा मोह होतो. त्या गड्ड्या बाहेरच्या असतील तर रोग सरळ रानात. लसूण-कांद्याच्या पांढऱ्या कुजीची बुरशी एकदा जमिनीत शिरली की वीस-वीस वर्षं टिकते आणि त्या रानात पुन्हा कांदाही धड येत नाही. दोन पैसे वाचवायला जाऊन वावर गमावण्यासारखं आहे हे.

आता लेबल. सोललेला लसूण, पेस्ट, पावडर असा बाहेरून आलेला पाकीटबंद माल असेल तर त्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, निव्वळ वजन, तारीख आणि एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक हवा. आयातदाराचा परवाना केंद्रीय असल्यामुळे त्याचा क्रमांक १०० ने सुरू होतो. तो क्रमांक एफएसएसएआयच्या फॉस्कॉस या संकेतस्थळावर टाकला की परवाना कोणाचा आणि चालू आहे का, ते मोबाईलवर दिसतं. आयातदाराचं नाव नंतर चिकटवलेल्या स्टिकरवर दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही, तशी सोय नियमातच आहे. पण मूळ देशाचा उल्लेखच नसेल तर दुकानदाराला विचारावं.

खरी अडचण सुट्या मालाची आहे. गोणी फुटली, ढीग लागला, की लेबल तिथेच संपलं. गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडलेल्या पाव किलो लसणावर काहीच लिहिलेलं नसतं. गावच्या किरकोळ विक्रेत्यालाही बऱ्याचदा माहीत नसतं, कारण तोही आडतीवरून उचलतो. अशा वेळी मागे जाता येतं ते फक्त पावतीवरून. म्हणून घाऊक खरेदी करणाऱ्या किराणावाल्याने, हॉटेलवाल्याने पक्कं बिल मागून घ्यावं. माल संशयास्पद वाटला तर बाजार समितीच्या सचिवाकडे किंवा जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात तक्रार देता येते. एफएसएसएआयच्या 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲपवरही फोटोसह तक्रार करता येते. तक्रार करताना गोणीचा फोटो, त्यावरचा मजकूर आणि बिल जोडावं. नुसता लसणाचा फोटो टाकून तपास पुढे सरकत नाही.