धरणाचं पाणी नितळ, पण तळाशी काय?

जलविद्युत ही स्वच्छ वीज, असं आपण मुलांना शिकवतो. धूर नाही, राख नाही, हे खरंच आहे. पण नदीच्या वरच्या अंगाला खाणी असतील, तर धरणात पाण्याबरोबर आणखी काय साठतं, हाही प्रश्न त्याच पाठात यायला हवा. त्यासाठी अमेरिकेच्या मोंटाना राज्यातल्या मिलटाउन धरणाचं उदाहरण घेऊ.

घडलं काय?
क्लार्क फोर्क आणि ब्लॅकफूट या नद्यांच्या संगमाशी हे धरण १९०८ मध्ये पूर्ण झालं. वरच्या बाजूला ब्यूटच्या तांब्याच्या खाणी आणि अ‍ॅनाकोंडाच्या तांबं वितळवायच्या भट्ट्या होत्या. त्याच वर्षी जूनमध्ये मोठा पूर आला आणि खाणींचा कचरा वाहून धरणामागे अडकला. पुढेही तो येतच राहिला. १९८१ मध्ये मिलटाउनच्या विहिरींत आर्सेनिक सापडलं. गावाला पिण्याच्या पाण्याची वेगळी सोय करावी लागली.

हे होतं कसं?
१. तिथल्या तांब्याच्या खनिजात गंधक असतं. उघड्यावर पडलेल्या कचऱ्याला हवा-पाणी लागलं की आम्ल तयार होतं आणि त्यात धातू विरघळतात.
२. वाहती नदी बारीक गाळ पुढे नेते. धरणात पाणी संथ झालं की तो तळाशी बसतो.
३. आर्सेनिक गाळातल्या लोहाच्या गंजासारख्या कणांना चिकटून राहतं. गाळाच्या खोल थरात प्राणवायू नसतो. तिथे हे कण विरघळतात, आर्सेनिक सुटतं आणि भूजलात झिरपतं.

म्हणून वरचं पाणी नितळ दिसलं तरी विहीर दूषित होऊ शकते. आर्सेनिकला रंग, वास, चव काहीच नसतं. पाणी उकळूनही ते जात नाही, तपासणीच करावी लागते.

मग दरवाजे उघडून गाळ सोडून का नाही द्यायचा?
१९९६ मध्ये बर्फाचे तुकडे वाहत आले, म्हणून जलाशयाची पातळी घाईने उतरवली. गाळ ढवळला गेला, तांबं खाली वाहिलं आणि मासे मेले. म्हणजे जवळच्यांना त्रास देणारं धरण खालच्यांना वाचवतही होतं! शेवटी २००८ च्या मार्चमध्ये धरण फोडून नदी मोकळी केली. सर्वांत दूषित असा सुमारे २२ लाख घनयार्ड गाळ उपसून रेल्वेने ऑपॉर्च्युनिटी या गावाजवळच्या जुन्या खाणकचऱ्याच्या जागी नेला.

वर्गात करून पाहा
बरणीत पाणी आणि माती ढवळा, अर्धा तास ठेवा. वरचं पाणी निवळेल. आता मुलांना विचारा, माती गेली कुठे? बरणी हलवली तर काय होईल? आणि मिलटाउनचं विष ऑपॉर्च्युनिटीला नेलं, तर तिथल्या लोकांना काय वाटलं असेल?

शेवटच्या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर नाही. मुलांना बोलू द्या.